पुणे ते सातारा सायकलफेरी: सुरक्षित मार्गाची मागणी फोटोपुरती राहू नये म्हणून

आमच्या पहिल्या फेरीनंतर आम्ही बेचाळीस सह्यांचं निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, "किती किलोमीटरवर?" निवेदनात आम्ही लिहिलं होतं, "महामार्गावर अनेक ठिकाणी सायकलस्वारांच्या जिवाला धोका आहे." अनेक म्हणजे नेमकं कुठे, हे आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. चहा घेऊन परत आलो.

त्यानंतर पाहिलेल्या बहुतेक फेऱ्यांमध्ये हाच घोळ आहे. आधी तारीख ठरते, मग टी-शर्टाचा रंग, मग बॅनर, आणि मागणी आदल्या रात्री कोणीतरी मोबाइलवर खरडतं. पाय सगळ्यांचे दमदार असतात, कागद कच्चा असतो. खाली दिलेला क्रम पुणे ते सातारा या साधारण ११० किलोमीटरच्या मार्गाचा आहे. नाशिक-संगमनेर असो की कोल्हापूर-सांगली, क्रम हाच ठेवा आणि गावांची नावं बदला.

१. रस्ता कोणाचा, ते आधी शोधा (सहा आठवडे आधी)

सायकलस्वाराला रस्ता एकच दिसतो, सरकारदरबारी त्याचे तीन-चार मालक असतात. राष्ट्रीय महामार्ग हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. महापालिकेच्या हद्दीतले बरेचसे रस्ते महापालिकेकडे, पण तिथेही महामार्ग निराळा.

जागेवर ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. दगड नेहमी जागेवर असतोच असं नाही, आणि असला तरी त्यावर कोणाच्या तरी क्लासची जाहिरात चिकटवलेली असते. तेव्हा नुसत्या दगडावर विसंबू नका. तालुक्याच्या बांधकाम उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याला विचारा. दहा मिनिटांत कळतं.

मग एक साधा तक्ता करा: कुठून कुठपर्यंत, मालक कोण, कोणता जिल्हा, कोणतं पोलीस ठाणे. आपल्या मार्गावर नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू होतो, म्हणजे जिल्हाधिकारी बदलतात आणि पोलीस अधीक्षकही.

तपासा: तक्त्यात एकही रकाना "बहुतेक" या शब्दाने भरलेला नसावा.

२. मार्ग एक नको, दोन पाहा

पहिला मार्ग उघड आहे. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंबाटकी, सुरूर, भुईंज, पाचवड, आनेवाडी, सातारा. दुसरा सहसा कोणी पाहत नाही: दिवे घाटाने सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, तिथून वाठारमार्गे सातारा. तो लांब पडतो, पण दोन शहरांमधला सायकलमार्ग महामार्गाला चिकटूनच हवा असा काही नियम नाही.

दोन्ही मार्गांवर दोघा-तिघांनी आधी दुचाकीने किंवा एसटीने जाऊन यावं. पाहायचं ते असं: साइडपट्टी कुठे आहे, कुठे नाही, सर्व्हिस रोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, पाणी, पंक्चरवाला आणि दवाखाना कुठे आहे.

इशारा: पुणे-मुंबईसाठी अशी फेरी आखत असाल तर द्रुतगती मार्ग विसरा. तिथे सायकल चालत नाही, समृद्धी महामार्गावरही नाही. "एकदा परवानगी घेऊन बघू" म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला चहाचा हिशेब ठेवायला द्या.

३. तारीख आणि वार

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सोसवतो. या दिवसांत ऊसतोडीचा हंगामही जोरात असतो. भुईंजच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. काही जण म्हणतात, हंगाम टाळा. मी म्हणेन, टाळू नका. तिथल्या सायकलवाल्याला वर्षातले चार-पाच महिने हाच रस्ता मिळतो, मग नोंदही त्याच दिवसांतली हवी.

शनिवार-रविवार मात्र टाळा. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-वाईकडून पुण्याला परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. शिवाय शाळा बंद, निम्मे कारखाने बंद, मग सायकलवाले मोजणार कुठून? गुरुवार-शुक्रवार धरा.

डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटे पाचला निघण्याचा हट्ट धरू नका. अंधारात नोंद होत नाही, फोटो येत नाहीत, आणि ट्रकवाल्याच्या डोळ्यावर रात्रभराची झोप असते.

४. दोन दिवस घ्या, दहा-बारा माणसं पुरेत

सराव असलेला माणूस हे अंतर एका दिवसात सहज कापतो. ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर कापायच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, त्या हिशेबाने ११० म्हणजे अर्धा दिवस. पण तशी फेरी काढली तर हातात वेळ उरेल, वही कोरी राहील. थांबत, मोजत, विचारत जायचं तर ताशी दहा-बाराच्या वर वेग धरू नका. पहिला मुक्काम शिरवळला, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर. उरलेले साठ दुसऱ्या दिवशी.

शंभर जणांची फेरी दिसायला झकास, सांभाळायला अवघड. पाच-सहा जणांचे दोन गट करा आणि त्यांच्यात दहा मिनिटांचं अंतर ठेवा. कामं नावानिशी वाटा: पुढे राहणारा एक, सगळ्यात मागे राहणारा एक, ज्याने कोणालाही मागे टाकायचं नाही, नोंदवही एकाकडे, फोटो दुसऱ्याकडे, मोजायची टेप तिसऱ्याकडे. वही आणि फोटो एकाच माणसाकडे दिले की दोन्ही अर्धवट राहतात, हे आम्ही दोनदा करून पाहिलं.

सोबत एक टेम्पो हवा. पण तो सायकलींच्या मागे रांगत चालवायचा नाही. महामार्गावर ताशी बारा किलोमीटरने चालणारं वाहन मागून येणाऱ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. टेम्पोने आठ-दहा किलोमीटर पुढे जाऊन पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात, रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावं.

५. पोलिसांना कळवणं

या मार्गावर पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि सातारा अशी तीन पोलीस दलं लागतात. तिन्हीकडे वेगवेगळं पत्र द्या, किमान पंधरा दिवस आधी. निवडणुका, सण किंवा आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात आणि पाच माणसंही जमाव ठरतात. तेव्हा "आम्ही तर फक्त सायकल चालवतोय" याला अर्थ नसतो.

पत्रात घोषणा नकोत. किती जण, कोणत्या गावात किती वाजता, मुक्काम कुठे, जबाबदार व्यक्ती कोण, एवढंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.

६. सायकल आणि शरीर

यावर लिहिणारे खूप आहेत, म्हणून थोडक्यात. आधीच्या महिन्यात दोनदा तरी लागोपाठ दोन दिवस पन्नास-साठ किलोमीटर चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवत नसेल तर सीटची उंची चुकलेली आहे. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि घंटी. साधी सायकल असेल तर ब्रेकची रबरं नवी टाका, उतारावर तीच कामाला येतात. खंबाटकीच्या आधी मिसळ नको. चढावर ती परत भेटते.

फोनमध्ये तीन क्रमांक: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३.

७. रस्त्यावर

कात्रजला जुन्या घाटाने चढा. वरचा जुना बोगदा छोटा आहे, पण आत अंधार असतो आणि उन्हातून शिरताना दोन क्षण काही दिसत नाही. दिवे बोगद्याच्या अलीकडे थांबूनच लावा. घाट उतरून महामार्गाला मिळता तिथे पाय टेका, पूर्ण गट जमू द्या, मग एकेरी रांगेत निघा.

पुढे गावोगावी एकच पेच येतो: वर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड. पुलावर गाड्या सुसाट आणि कडेला जागा नाही. खाली उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, उभे टेम्पो, गतिरोधक. खालूनच जा. त्रास झाला तरी वेग कमी असतो, आणि गावातला सायकलवाला खालूनच जातो. सर्व्हिस रोड संपून तुम्हाला मुख्य रस्त्यावर ढकललं जातं ती प्रत्येक जागा वहीत यायलाच हवी. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अंगावर काटा याच जागी येतो: डावीकडून आपण, उजवीकडून पूल उतरणारा ट्रक, आणि मध्ये एक पांढरा पट्टा.

खंबाटकीत साताऱ्याकडे जाताना घाट आणि पुण्याकडे येताना बोगदा अशी जुनी व्यवस्था. नव्या बोगद्यांमुळे ती आणि वळणं बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकाने जाऊन पाहून यावं. चढावर दम लागला तर रस्त्यातच उतरून उभं राहू नका. कडेला या, सायकल कठड्याच्या बाजूला आणि माणूस तिच्याही पलीकडे. परतीचा प्रवास सायकलीने करू नका, सायकली टेम्पोत टाका. थकलेल्या पायांनी आणि वाहतुकीच्या गर्दीत बोगद्यात शिरण्यात कसलंही शौर्य नाही.

इशारा: फोटोसाठी पन्नास मीटरसुद्धा उलट्या दिशेने जायचं नाही. तसा एक फोटो बाहेर पडला की पुढची सगळी चर्चा त्याच्यावरच होते.

८. नोंद कशी करायची

फेरीचा सगळा अर्थ इथे आहे, म्हणून घाई करू नका.

बांधकाम खात्यात रस्त्यावरची जागा "सा.क्र." म्हणजे साखळी क्रमांकाने ओळखली जाते, बोलताना सगळे चेनेज म्हणतात. १२/४०० म्हणजे बाराव्या किलोमीटरपुढे चारशे मीटर. जवळच्या दगडापासून अंतर मोजा आणि सोबत फोनवरचे अक्षांश-रेखांश लिहा. दोन्ही लिहा, कारण दगड जुने असतात आणि रस्त्याचा क्रमांक बदलला की आकडेही बदलतात.

नोंदीचा नमुना असा (आकडे नमुन्यापुरते):

सा.क्र. १२/४००, साताऱ्याकडे जाणारी बाजू. पांढऱ्या पट्टीपासून डांबराच्या कडेपर्यंत ४० सेंमी. डांबर आणि मातीत ११ सेंमीचा खड्डा, लांबी अंदाजे ६० मीटर. खडी पसरलेली. सकाळी ८:१०. फोटो ३१, ३२, ३३.

अशी नोंद अभियंत्याला नाकारता येत नाही. तो फार तर जागेवर जाऊन पुन्हा मोजेल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

काय काय टिपायचं? साइडपट्टीची रुंदी आणि कडेचा खड्डा तर आहेच. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने लांबट आहेत का ते पाहा, तशा असतील तर बारीक टायर थेट आत जातं. पुलाच्या सांध्यांमधली फट. चौकाआधीचे पांढरे उंचवट्याचे पट्टे अगदी कडेपर्यंत ओढलेत का. कडेला फूटभर जागा सोडली असती तर सायकल तिथून निघाली असती. भुयारी मार्गात दिवा आहे का, पाणी साचल्याची खूण भिंतीवर कुठपर्यंत आहे. साइडपट्टीवर कायमचे उभे राहणारे ट्रक.

प्रत्येक जागेचे तीन फोटो: लांबून, टेप लावून जवळून, आणि एक ज्यात ओळखता येईल अशी खूण आहे, मग ती पाटी असो, दगड असो की मंदिराचा कळस. टेप लावणारा रस्त्याकडे तोंड करूनच वाकेल आणि दुसरा येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवेल.

नेहमीची चूक: "संध्याकाळी मुक्कामी गेल्यावर लिहू." संध्याकाळी सगळे खड्डे एकसारखे आठवतात. जागेवरच लिहा, बोटं गारठली असतील तर आवाज रेकॉर्ड करा.

९. तिथले सायकलवाले मोजा

जर्सी घालून पुण्याहून साताऱ्याला जाणारे वर्षाला किती असतील? हा मार्ग लागतो तो पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला. कारखान्यात पाळीला निघालेला, दूध घालणारा, सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीवर शाळेत जाणारी मुलगी. तुमच्या निवेदनाचं वजन त्यांच्यामुळे वाढतं.

दोन जागा निवडा, एक शाळेजवळची आणि एक कारखान्यांच्या फाट्यावरची. शिरवळला मुक्काम आहे तर तिथेच करा. पाळी कधी सुटते ते फाट्यावरच्या टपरीवाल्याला विचारा, सूचनाफलकापेक्षा त्याला नक्की माहीत असतं. सकाळी साडेसहा ते साडेआठ, संध्याकाळी पाच ते सात. कागदावर चार रकाने: शाळकरी मुलं, शाळकरी मुली, कामगार, इतर. पंधरा-पंधरा मिनिटांच्या रेघा मारा.

जमल्यास तीनच प्रश्न विचारा: कुठून कुठे जाता, सगळ्यात भीती कुठे वाटते, कधी सायकल सोडून चालत जाता का? तिसरा प्रश्न चुकवू नका. एका शाळकरी मुलीने मला सांगितलं होतं, "फाट्यापाशी उतरते आणि पलीकडे जाऊन परत बसते. मम्मीनं सांगितलंय." आमच्या टेपने मोजून न सापडलेली जागा तिने एका वाक्यात दाखवली. मुलांची नावं आणि चेहऱ्यांचे फोटो मात्र घेऊ नका.

१०. निवेदन लिहिताना

आता रस्त्याच्या मालकांचा तो पहिला तक्ता काढा. जितके मालक तितकी निवेदनं. प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना त्यांच्या जागा, बांधकामच्या कार्यकारी अभियंत्यांना त्यांच्या, जिल्हा परिषदेला त्यांच्या. सगळ्यांची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना, दोन्ही जिल्ह्यांत.

मागण्या तीन थरांत मांडा. देखभालीतच होणारं काम आधी: खडी झाडणं, कडेचा खड्डा भरणं, जाळी फिरवून बसवणं, झुडपं छाटणं. मग थोडा खर्च लागणारं: तुटलेला सर्व्हिस रोड जोडणं, भुयारी मार्गात दिवे, शाळेजवळ ओलांडायची सोय. शेवटी मोठं: पुढच्या रुंदीकरणाच्या आराखड्यात स्वतंत्र सायकल ट्रॅक. ट्रॅकच्या रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:११-२०१५ हे मार्गदर्शक आहे, त्याचा उल्लेख करा. उलट, सुरुवातीलाच ११० किलोमीटरचा ट्रॅक मागितला की फाइल "धोरणात्मक बाब" होते आणि जाळीसुद्धा फिरत नाही.

मोठा इशारा: "महामार्ग सायकलींसाठी धोकादायक आहे" एवढंच लिहून थांबू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) आलं. त्यानुसार पादचारी आणि बिगरमोटार वाहनांच्या महामार्गावरच्या वावराचे नियम राज्य सरकारने, प्राधिकरणाशी सल्लामसलत करून करायचे आहेत. सायकलींना वाट देणारे नियम यातून निघू शकतात, तसेच सायकलींना बंदी करणारेही. धोका लिहिलात की लगेच पुढच्या वाक्यात लिहा: इथून रोज इतके सायकलस्वार जातात, त्यांना दुसरा रस्ता नाही, म्हणून याच ठिकाणी सोय करावी.

कलम १९८अ, म्हणजे सदोष रस्त्यासाठी एक लाखापर्यंतचा दंड, हे पहिल्याच पत्रात धमकीसारखं टाकू नका. ते सदोष रचनेमुळे किंवा देखभालीतल्या कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास लागू होतं. समोरचा माणूस कायदा जाणतो, तुम्ही अर्धवट वाचलाय हे त्याला लगेच कळतं.

तपासा: निवेदन दोन पानांचं, नोंदींचा तक्ता जोडपत्रात, फोटोंखाली सा.क्र. लिहिलेला. घरातल्या कोणालाही ते वाचायला द्या आणि विचारा, "नेमकं काय मागितलंय?" उत्तर एका दमात आलं पाहिजे.

११. पाठपुरावा

पोच घेतलेल्या दिवसापासून वहीत तारखा लिहा. पंधरा दिवसांनी फोन, महिन्याने प्रत्यक्ष भेट आणि एकच विनंती: "जागेवर येता का?" आलेल्या अभियंत्याला सायकलीवर बसवण्याचा आग्रह धरू नका. चालत शंभर मीटर दाखवलं तरी पुरतं.

हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. राज्याच्या कार्यालयासाठी अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. प्राधिकरण केंद्राचं, तिथे ऑनलाइन अर्ज किंवा दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. स्टॅम्प लावून पाठवलात तर अर्ज परत येऊ शकतो. उत्तराला तीस दिवस. "काम का केलं नाही?" असं विचारू नका, "का"चं उत्तर या कायद्यात मिळत नाही. कागद मागा: आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरच्या टिपणीची प्रत, या लांबीच्या देखभालीच्या कराराची प्रत, गेल्या वर्षभरातल्या पाहणीच्या नोंदी.

पावसाळ्यात, जुलैमध्ये, पूर्ण फेरी नको. फक्त भुयारी मार्ग आणि मोऱ्यांपाशी दोघांनी जाऊन यावं. डिसेंबरात भिंतीवर जी खूण पाहिली होती तिथे पाणी प्रत्यक्ष किती चढतं ते कळेल. आणि काम झालंय असं कोणी कळवलं, तर जुनी वही घेऊन त्याच सा.क्र. वर जा. टेप लावा, तोच कळस चौकटीत घ्या, फोटोला जुनाच क्रमांक देऊन पुढे "ब" लावा.